कोऱ्या बाटल्या

१

बाबा दवाखान्यात आले तेव्हा ती नुकतीच एकाची दाढ काढून हात धूत होती. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत काच किणकिणत होती.

"दुखतंय का काही?" तिने विचारलं.

"मला काय दुखणार? तुझं ते वाफेवर निर्जंतुक करायचं मशीन मोकळं आहे का?"

"तुमच्या प्रयोगशाळेत याच्या दहापट मोठं धूड आहे की."

"बिघडलंय."

त्यांनी बाटल्या टेबलावर मांडल्या. पाण्याचे नमुने घ्यायच्या बाटल्या, घट्ट झाकणाच्या. तिने सहज एक उचलून उजेडात धरली. तळाशी पांढरे कण होते, मिठाच्या चिमटीएवढे. तिला हसूच आलं. बाबा पर्यावरण अभियांत्रिकीचे प्राध्यापक. उभा जन्म पाणी शुद्ध करण्यात गेला. घरातला पेलासुद्धा खिडकीशी नेऊन निरखल्याशिवाय ओठाला लावायचे नाहीत. तिने धुतलेली भांडी लहानपणी किती वेळा परत मोरीत गेली होती.

"बाबा, तुमच्या बाटल्या आणि तळाशी घाण? धुवून देऊ?"

"हात लावू नकोस. असू दे तसंच."

मशीन सुरू झालं. बाबा पेशंटच्या खुर्चीत बसले, उठले, खिडकीपर्यंत गेले, परत बसले.

"बसलाच आहात तर तोंड उघडा," ती म्हणाली. "या खुर्चीतल्या माणसाला बोलता येत नाही, म्हणून तर मी हा धंदा पत्करला."

बाबांनी निमूट तोंड उघडलं. एरवी त्यांनी यावर काहीतरी खवचट उत्तर दिलं असतं. तिने आरसा फिरवला, सगळं ठीक होतं. आरसा बाहेर काढल्यावर बाबा म्हणाले, "एक सांग. तू भरलेला दात आतून किडत चाललाय हे तुला नंतर कळलं. पेशंटला काही दुखत नाहीये. तो खूश आहे, चार लोकांत तुझं नाव घेतो. तर तू त्याला बोलावून सांगतेस?"

"सांगते."

"तो म्हणाला, तुम्हीच भरलात ना, मग?"

"म्हणू दे. तोंड त्याचं आहे, बाबा. माझं नाक वर राहावं म्हणून तो थोडाच किडका दात घेऊन हिंडणार?"

मशीन थांबलं तसे बाबा उठले. मग गरम बाटल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत भरल्या आणि जिना उतरले. खिडकीतून तिला ते रस्ता ओलांडताना दिसले. पिशवी हातात लोंबकळत नव्हती, दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

त्याच आठवड्यात ते संस्थेच्या व्हरांड्यात कोसळले. ती पोचली तेव्हा कुणीतरी त्यांचा चष्मा काढून तिच्या हातात दिला. बाकी करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

२

भेटायला येणारी माणसं ओसरली आणि घर अंगावर यायला लागलं. तिच्या पायाला चाकं लागली होती. कपाट उघडायची, बंद करायची, पाणी ओतायची आणि न पिता पेला ठेवून द्यायची. पुस्तक घेतलं तर एकच पान डोळ्यांखालून जात राहायचं. आई मात्र एका जागी बसून असायची.

"जरा टेक गं कुठेतरी," आई म्हणायची. "तुला बघूनच माझा जीव दमतो."

तेवढ्यात संस्थेच्या संचालकांचा फोन आला. आधी सांत्वन, मग घसा खाकरणं, मग खरी गोष्ट.

बाबांचा मोठा शोध म्हणजे एक काचेची नळी. कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढी लांब, आत वाळू, आणि वाळूच्या प्रत्येक दाण्यावर चांदीचे इतके सूक्ष्म कण की एका केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील. त्या चांदीने पाण्यातले जंतू मरतात. टेकडीवरच्या शाळेत कूपनलिकेच्या नळाला ही नळी वर्षभर लावलेली होती आणि दर आठवड्याच्या तपासणीत तिच्या पाण्यात एकही जंतू सापडला नव्हता. आता बाबांच्या नावाने असा फिल्टर सगळ्या शाळांमध्ये बसणार होता. शोकसभेतच त्याची घोषणा व्हायची होती. त्याआधी तपासणी समिती वर्षभर वापरलेली नळी एकदा बघणार, एवढंच राहिलं होतं.

"आणि ती नळी प्रयोगशाळेतून गायब आहे," संचालक म्हणाले. "कुणी नेली कळत नाही. उगाच बोभाटा नको, म्हणून तुम्हाला सांगतोय. सरांनी घरी आणली होती का?"

घरी नव्हती. तिने सगळं उलटंपालटं केलं.

संध्याकाळी धाकटे सर आले. बाबांचे विद्यार्थी, आता त्यांच्याच हाताखाली प्राध्यापक. संस्थेत त्यांना सगळे धाकटे सर म्हणत, केस पांढरे व्हायला लागले तरी.

"ताई, सरळ सांगतो," ते म्हणाले. "ही आमच्या विभागातल्या मॅडमची करणी आहे. सरांचं कधी चांगलं बघवलं नाही त्यांना. प्रत्येक सभेत आडवं लावायच्या. आता सर उत्तर द्यायला नाहीत, म्हणून पुरावाच उचलला."

"कशावरून?"

"किल्ल्या तिघांकडे. सर, मी आणि त्या. मी माझ्याच कामाच्या मुळावर कशाला उठू? माझी सगळी वर्षं त्या नळीत आहेत, ताई. ती नाही सापडली, तर लोक म्हणतील नळी नव्हतीच. आकडे बनवले होते."

आईने वर पाहिलं. ती म्हणाली, "यांनी आकडे बनवले? हे शक्य तरी आहे का? यांचं कधी चुकलंय?"

या घरात तो प्रश्नच नव्हता. प्रवासात बाबांनी सांगितलेलं वळण साफ चुकीचं निघालं, तरी आई मुकाट गाडी चालवत राहायची, आणि मागच्या सीटवर बसून तिने कितीदा पाट्या वाचूनही तोंड मिटून घेतलं होतं. वाद घालून जिंकता येत नसे, एवढंच कारण नव्हतं. त्यांचं चुकलेलं बघवायचं नाही.

"मी शोधते नळी," ती म्हणाली.

"तुम्ही? तुम्ही तर दातांच्या..."

"हो. लोक मला रोज सांगतात की ते दिवसातून दोनदा दात घासतात. मला बघून कळतं."

३

प्रयोगशाळेच्या दाराशी साहित्याच्या कोठाराचे मुख्य बसायचे. कमरेला कोठाराच्या किल्ल्यांचा जुडगा, म्हणून त्यांना कुलूपकाका म्हणत.

"या डॉक्टरबाई. संशय माझ्यावर असेल तर आधी चहा घ्या, मग घ्या संशय."

"काका, कुलूप तोडलेलं होतं?"

"छे. उघडून, काम करून, परत लावून गेलाय माणूस. बघा ना." त्यांनी आत नेऊन रिकामा लोखंडी स्टँड दाखवला. "चिमटा सैल करून पुन्हा आवळलाय. खाली तबकडी ठेवली असणार, वाळूचा दाणा नाही सांडलेला. बाहेरचा चोर इतका संसारी नसतो. कुठेतरी पाणी मुरतंय, पण घरातल्या घरात."

धाकटे सर मागून आले. "काका, पांडित्य पुरे. ताई, ही आमची नमुन्यांच्या बाटल्यांची मांडणी. सरांची शिस्त."

भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर बाटल्या, सगळ्या पालथ्या, लखलखीत. तिने एक उचलली. बुडाशी काही नव्हतं. दुसरी, तिसरी, तशाच.

"यांच्यात काही घालत नाही का तुम्ही?"

"बाजारातून येतात तेव्हा तळाला पांढरी पूड असते. पाण्यातलं क्लोरीन मारायला घालतात ती. शाळेच्या कूपनलिकेत क्लोरीन नाहीच. सर म्हणायचे, गरज नसलेला कण बाटलीत कशाला? धुवून टाका. सरांना एक डाग खपायचा नाही."

"आणि त्या निर्जंतुक करायचं मशीन? ते दुरुस्त झालं का?"

"बिघडलंय कधी? ते सरांहून वक्तशीर आहे."

तिने बाटली हळूच जागेवर ठेवली. बाबा खोटं बोलले होते. तिच्या आठवणीत पहिल्यांदा.

"नवीन नळी करून का नाही दाखवत समितीला?" तिने विचारलं, आवाज शक्य तितका सपाट ठेवून.

"कशाने करू? सिल्व्हर नायट्रेट संपलंय, आणि कुलूपकाका मागवतच नाहीत."

"मागणी अर्जावर सही कुणाची हवी? तुमची," कुलूपकाका म्हणाले. "चार महिने झाले, या इमारतीत चांदीच्या औषधाचा थेंब नाही. मी काय घरच्या वाट्या वितळवून आणू?"

"बघितलंत ताई? असं चालतं."

"मग नेलेल्या नळीतली चांदी काढून नवी करता येईल कुणाला?"

"ती चांदी हाताने चोळा, ब्रशने घासा, सुटणार नाही. ॲसिडमध्ये विरघळवली तरच सुटते. तीच तर आमची करामत." धाकटे सर बोलताना नखं खात होते. त्यांची नखं पार आतपर्यंत कुरतडलेली होती, बोटं गुलाबी आणि स्वच्छ.

निघताना तिने विचारलं, "शाळेतून नळी काढून कुणी आणली?"

"सरांनीच. समिती येणार म्हणून. मला न्यायचं होतं बरोबर, पण म्हणाले, तू नको येऊस."

"का?"

धाकटे सर पहिल्यांदाच अडखळले. "ते नाही सांगितलं."

४

टेकडीवरच्या शाळेची मधली सुट्टी होती. नळाच्या ओट्यापाशी मुलींची झुंबड. तिने जवळ जाऊन पाहिलं तर नळाच्या तोटीवर फडकं घट्ट बांधलेलं होतं आणि मुली शेजारच्या झाकणाच्या पिंपातून पाणी घेत होत्या.

मुख्याध्यापिकांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "चेहरा अगदी त्यांचाच. किती यायचे सर. शेवटचे आले तेव्हा तर दोन दिवस ठाण मांडून होते."

"काय करत होते?"

"तिथे ओट्यावर बसायचे. नळाखाली पिशवीतली बाटली धरायचे, झाकण लावायचे, लगेच दुसरी धरायचे. मी म्हटलं सर, सावलीत बसा. तर म्हणाले, मुलं पाणी कशी पितात ते बघतोय. मी म्हटलं, कशी पितात म्हणजे? ओंजळ लावतात आणि पितात. तर म्हणाले, हो ना, लगेच पितात. आणि एकदम गप्पच झाले."

"आणि नळी कधी काढली?"

"दुसऱ्या दिवशी. काढली, फडकं बांधलं, आणि मला म्हणाले, बाई, मी सांगेपर्यंत पाणी उकळून द्या मुलांना. मी स्वतः येऊन सांगेन." त्या थांबल्या. "मग ते आलेच नाहीत. अजून उकळतोय आम्ही. बंद करायचं का आता? इंधन पुरत नाही हो."

तिने तोटीवरच्या फडक्याकडे पाहिलं. "नका बंद करू. मी सांगते तुम्हाला."

परतीच्या वाटेवर बस अर्धी टेकडी उतरली तरी तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. समितीला दाखवायला म्हणून नळी काढली, तर दुसरी बसवली असती. फिल्टर इतका गुणी होता, तर बाबांनी मुलांना पाणी उकळून प्यायला का सांगितलं?

५

मॅडमची खोली व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होती. बाबांच्या खोलीपासून शक्य तितकी लांब, असं बाबाच म्हणायचे.

"ये. बस. तुझ्या वडिलांनी या खुर्चीत बसायला वीस वर्षं लावली, तू लवकर आलीस," मॅडम म्हणाल्या. ताठ बाई, आवाजात सुपारी फोडल्यासारखी कडकड. उजवा हात त्यांनी शालीखाली घेतलेला होता.

"म्हणजे बाबा इथे आले होते?"

मॅडमना आपण काय बोलून गेलो ते कळलं. त्यांनी डाव्या हाताने कागदावरचं वजन सरकवलं. "कामाच्या गोष्टी असतात."

"तुमचं त्यांचं पटत नव्हतं."

"अजिबात नाही. त्यांना वाटायचं मी खोडे घालते, मला वाटायचं ते घाई करतात. दोघांचंही बरोबर होतं."

"नळी कुठे असेल, मॅडम?"

"मला काय विचारतेस? धाकट्या सरांना विचार. माझ्या नावाने ओरडत फिरतायत ना सगळीकडे?"

"विचारलं. तुमचंच नाव घेतात."

"घेऊ देत. त्या मुलावर बापासारखी माया केली तुझ्या वडिलांनी. म्हणून तर..." त्यांनी ओठ मिटले. खिडकीपाशी फडक्यावर काही बाटल्या वाळत होत्या. त्या उठून पडदा ओढायला गेल्या आणि शालीतून उजवा हात बाहेर आला.

अंगठ्यावर आणि पहिल्या दोन बोटांवर काळे डाग होते. शाईचे नव्हेत, तेलाचे नव्हेत. कडांना तपकिरी, कातडीच्या रेषांमध्ये शिरलेले. नखाच्या कडेलाही काळी किनार.

तिने नजर लगेच वळवली. चार वाक्यं हवापाण्याची बोलली आणि बाहेर पडली. संस्थेच्या आवाराला तिने भरभर एक फेरी मारली, मग दुसरी. माळी पाइप बाजूला घेऊन तिला वाट देत होता. तिसऱ्या फेरीत ती मध्येच थांबली, कारण खिडकीतल्या बाटल्या तिला आता नीट आठवल्या. खालचं फडकं तिच्याच दवाखान्यातलं होतं, आणि तिच्या टेबलावर मांडल्या होत्या त्याच बाटल्या होत्या त्या. रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या. बाबांच्या.

ती परत फिरली आणि मॅडमचं दार न वाजवता आत शिरली.

६

"लहान मुलांच्या दुधाच्या दातांची कीड थांबवायला मी चांदीचं औषध लावते," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "थेंब बोटावर पडला तर तेव्हा काही दिसत नाही. उजेड लागला की दुसऱ्या दिवशी काळा डाग. साबणाने जात नाही, घासणीने जात नाही. कातडी झडते तेव्हाच जातो. तुमच्या हातावर चांदी आहे, मॅडम."

मॅडमनी हात लपवला नाही. "प्रयोगशाळा आहे ही. शंभर औषधं असतात."

"चार महिने इथे चांदीच्या औषधाचा थेंब नाही. कुलूपकाका आणि धाकटे सर दोघंही सांगतात, आणि त्या दोघांचं दुसऱ्या कशावरही एकमत होत नाही. आणि वाळूवरची चांदी नुसती बोटाला लागत नाही. ॲसिडमध्ये विरघळवली तरच लागेल. इथे विरघळवण्यासारखी चांदी एकाच ठिकाणी होती. त्या नळीत."

मॅडमनी कागदावरचं वजन पुन्हा सरकवलं.

"चोरायचीच असती तर नाल्यात फेकून मोकळं होता आलं असतं. चांदी विरघळवून कोण बसतं? ज्याला ती किती उरलीय हे मोजायचंय, तो. तुम्ही बाबांचं नुकसान करत नव्हता. तुम्ही त्यांचं राहिलेलं काम करत होता."

"बस," मॅडम म्हणाल्या. या वेळी ती बसली.

"पुढे मला दिसतंय, पण नीट कळत नाही," ती म्हणाली. "बाबांनी बाटल्या माझ्याकडे निर्जंतुक करून नेल्या, मशीन बिघडल्याचं खोटं सांगून. म्हणजे धाकट्या सरांना कळू द्यायचं नव्हतं. त्या बाटल्यांत पांढरी पूड होती. वर्षभर वापरल्या त्यांत नव्हती. म्हणजे पुडीने फरक पडतो. आणि बाबांना प्रश्न पडला होता की मुलं पाणी लगेच पितात. काय फरक पडतो, मॅडम?"

मॅडमनी खिडकीतली एक बाटली आणून दोघींच्या मध्ये ठेवली.

"चांदी जंतू मारते, पण सावकाश. नळीतून पाणी झर्रकन जातं, तेवढ्यात काही होत नाही. मात्र जाता जाता थोडी चांदी सुटून पाण्यात येते. आता हे पाणी बाटलीत भरलं, टेकडी उतरून बसने इथे आणलं, दुपारी तपासलं. तेवढा वेळ बाटलीत काय चालू असेल?"

ती ऐकत होती.

"जंतू बाटलीत मरत होते," ती म्हणाली. "नळाखाली नाही."

"नळाखाली जिवंत होते. इथे पोचेपर्यंत साफ. ती पांढरी पूड चांदीलाही धरून ठेवते. ती असती, तर पाणी नळातून जसं आलं तसंच इथे पोचलं असतं. तुझ्या वडिलांनी ती धुवून टाकली, कारण ती घाण दिसायची. दुसऱ्या कुणा गबाळ्या माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती." मॅडमनी बाटली फिरवली. "पुडीच्या बाटल्यांत जंतू उगवले तेव्हा ते माझ्याकडे आले. म्हणाले, तू माझी सगळ्यात वाईट परीक्षक आहेस, तूच बघ. नळीत चांदी किती उरलीय मोज. मी मोजली. निम्मी गेलीय. वर्षभर थेंबाथेंबाने."

"तुम्ही सांगितलं का नाहीत कुणाला?"

"ते म्हणाले होते, समितीपुढे मी स्वतः सांगणार. त्या पोराची सगळी वर्षं यात आहेत, आधी त्याला घरी बोलावून सांगेन, मग जगाला. आणि माझ्या दारातून बाहेर पडले ते व्हरांड्यातच..." मॅडमचा आवाज तसाच राहिला, पण त्या बोटांवरचे डाग चोळायला लागल्या, जणू ते जाणार होते. "मोजायला बसले त्या दिवशी हातमोजा फाटला होता. माझं लक्ष नव्हतं."

तिने त्या डागांवरून नजर काढून बाटलीकडे पाहिलं.

"नळी ठेवली असती तर समितीने तपासली असती," मॅडम म्हणाल्या. "कशाने? कोऱ्या बाटल्यांनी. तपासायची पद्धतही तुझ्या वडिलांनीच ठरवून दिलेली. नळी झकास पास झाली असती आणि सगळ्या शाळांत बसली असती. ते थांबवायला मला एवढंच सुचलं. नळीच नाही म्हटल्यावर समिती थांबेल, निदान थोडे दिवस."

"आणि नंतर?"

"नंतरचं सुचलं नाही. मी तोंड उघडलं असतं तर लोक काय म्हणाले असते? जिवंतपणी छळलं, मेल्यावरही सोडत नाही. माझा शब्द कुणी उचलला नसता. आणि खरं सांगू? ते वाक्य त्यांचं होतं. त्यांच्या तोंडून यायला हवं होतं. ते मी कसं म्हणू?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. संचालक होते. समितीने मोठ्या मनाने नळीशिवायच मंजुरी दिली होती. वर्षभराचे आकडे पुरेसे होते, म्हणे. घोषणा ठरल्याप्रमाणे सभेतच.

७

सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर बाबांचा फोटो होता, न हसणारा. पहिल्या रांगेत आई, तिच्या शेजारी धाकटे सर. पार मागे, दाराला टेकून मॅडम.

सकाळी तिने धाकट्या सरांना घरी बोलावून सगळं सांगितलं होतं. ते आधी चिडले, मग हिशेब तपासावा तसे प्रश्न विचारत राहिले, आणि मग खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. "मीच धुतल्या त्या बाटल्या," एवढंच म्हणाले. "प्रत्येक बाटली." ते आज येतील असं तिला वाटलं नव्हतं.

आईने सगळं ऐकून घेतलं होतं. गाडीतून उतरताना तिने मुलीचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "बोलशील ते स्पष्ट बोल. पुटपुटू नकोस."

संचालकांनी तिचं नाव पुकारलं. दोन शब्द आठवणींचे, मग घोषणा. ती उठली. ध्वनिक्षेपक तिच्या उंचीला आणून देताना संचालक पुटपुटले, "थोडक्यात."

तिने थोडक्यातच सांगितलं. नळ, बाटली, टेकडीवरून उतरणारी बस, दुपारची तपासणी. पांढरी पूड आणि ती धुवून टाकायची शिस्त. ओंजळीतून पाणी पिणाऱ्या मुली, ज्या दुपारपर्यंत थांबत नाहीत. तिने कुणालाही दोष दिला नाही. नळी कुठे आहे ते सांगितलं, आणि ती तिथे का आहे तेही. मागे दाराशी माना वळल्या. मॅडम दाराला टेकल्या होत्या, त्या सरळ उभ्या राहिल्या. हात शालीबाहेर होता.

सभागृहात खुर्च्या करकरायला लागल्या. समितीतले एक गृहस्थ शेजारच्याच्या कानाला लागले. संचालक लगबगीने पुढे आले. चेहऱ्यावर घाम, पण आवाज मऊ. त्यांना तिला वाचवायचं होतं, आणि फोटोतल्या माणसालाही.

"म्हणजे, ताईंना असं म्हणायचंय," ते सभेला म्हणाले, "की चाचणीच्या पद्धतीत काही तांत्रिक मर्यादा राहून गेल्या होत्या. त्या काळाच्या मानाने हे स्वाभाविकच आहे. सरांच्या मूळ कार्याला त्याने कुठेही बाधा येत नाही. घोषणा आपण फक्त थोडी पुढे ढकलू. बरोबर ना, ताई?"

मान हलवली असती तर पुरलं असतं. सगळे त्याचीच वाट बघत होते. समोर आई तिच्याकडे बघत होती, हात मांडीवर, पापणी न लववता. धाकटे सर खाली बघत होते. असल्या वेळी ती कायम तोंड मिटून घ्यायची. घरात, गाडीत, जेवणाच्या टेबलावर.

तिने ध्वनिक्षेपक स्वतःकडे ओढला.

"मर्यादा नाही, सर. चूक होती," ती म्हणाली. पुटपुटली नाही. "माझे बाबा चुकले होते."